प्रोपेलर शाफ्टचा जाम झालेला क्रॉस घरी कसा काढायचा? (एपिसोडचा लिखित मजकूर)

(ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांचे हात आत्ता ग्रीसने माखलेत, त्यांच्यासाठी हा मजकूर. बोलताना येणारे "म्हणजे", "ॲक्च्युअली" आणि मागे भुंकणारं कुत्रं कमी केलंय. बाकी बहुतेक जसंच्या तसं.)

इअरफोन लावलेत ना? नसतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजच्या एपिसोडमध्ये हातोड्याचे आवाज आहेत. मी ते मुद्दाम रेकॉर्ड केलेत. का ते पुढे कळेल.

आजचा विषय गेल्या महिन्यात माझ्याच अंगावर आला. अकोले तालुक्यात माझे मामा राहतात. त्यांच्याकडे एक पिकअप आहे, दुधाच्या कॅनचा. पहाटे साडेचारला निघायचं, सहा-सात वस्त्यांवरून दूध गोळा करायचं आणि सातच्या आत संकलन केंद्रावर पोचवायचं. एक दिवस गाडी बंद म्हणजे नुसता मामांचा खाडा नाही. सहा-सात वस्त्यांचं दूध नासलं, असा हिशोब.

तर मी शुक्रवारी संध्याकाळी गावी पोचलो. मामा म्हणाले, "भाचेबुवा, गाडीखाली पक्षी बसलाय. चिर्र चिर्र करतोय." मी हसलो. मग त्यांनी गाडी चालू केली, पहिला टाकला, क्लच सोडला आणि मागून आवाज आला, टक्. रिव्हर्स टाकला, परत टक्. गाडी हळू चालवली की चिर्र, चिर्र, चिर्र, वेगाबरोबर वाढत जाणारं. माझं हसू थांबलं. हा पक्षी म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस होता आणि तो शेवटच्या घटका मोजत होता.

गावातल्या फिटरकडे गेलो तर दुकानाला कुलूप. जत्रा! तीन दिवस काम बंद. मग काय, मामा, मी आणि माझा मामेभाऊ, तिघं मिळून कामाला लागलो. दुसऱ्या एका गाडीवाल्याने दोन दिवस दूध न्यायचं कबूल केलं होतं. सोमवारी पहाटे मात्र आमची गाडी पाहिजेच होती.

आधी हे काय असतं ते बघू

तुमच्या घरी ऑल्टो किंवा स्विफ्ट असेल तर गाडीखाली वाकून हे शोधू नका, सापडणार नाही. त्या गाड्यांची पुढची चाकं ओढतात. ज्या गाडीचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांवर, तिला इंजिनापासून मागे ताकद न्यायला एक लांब पोकळ दांडा लागतो. बोलेरो, सुमो, ईको, जुन्या जीप, बहुतेक सगळे पिकअप यांच्या पोटाखाली तो दिसतो. हाच प्रोपेलर शाफ्ट.

आता गंमत अशी की गिअरबॉक्स चॅसिसला पक्का बसवलेला असतो, पण मागचा ॲक्सल स्प्रिंगांवर वर-खाली नाचतो. मग सरळ दांडा कसा चालेल? खड्डा आला की वाकायला नको? म्हणून दांड्याच्या टोकाला सांधा देतात. आपल्या मनगटासारखा, पण फिरता फिरता वाकणारा. हा म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. गॅरेजमध्ये त्याला यूजे म्हणतात, किंवा नुसतं क्रॉस. कारण आतला भाग खरंच अधिकच्या चिन्हासारखा असतो. चार बोटं, प्रत्येक बोटावर एक पोलादी वाटी आणि वाटीत गोल लावलेल्या वीस-तीस बारीक सुया. या सुयांवर तो फिरतो. वाट्या ज्यात बसतात ते दोन कान असलेले भाग म्हणजे योक. एक योक शाफ्टचा, एक समोरच्या फ्लँजचा. प्रत्येकाला दोन कान, म्हणजे चार कानांत चार वाट्या. वाटी बाहेर निसटू नये म्हणून तिच्यावर सर्कलिप, ज्याला बरेच जण लॉक म्हणतात.

ही कल्पना फार जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या कार्डानो या इटालियन विद्वानाचं नाव याला चिकटलंय, म्हणून काही ठिकाणी शाफ्टला कार्डन शाफ्ट म्हणतात. आणि इंग्रजी पुस्तकांत हाच हुकचा जॉइंट, रॉबर्ट हुकच्या नावाने. हो, तोच हुक, शाळेत स्प्रिंगचा नियम शिकलो तो.

मग हा जाम का होतो? दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यात गल्लत करतात. एक, आतल्या सुया सुकतात. ग्रीस संपतं, पाणी शिरतं, सुयांचा लाल भुगा होतो. तो चिर्र आवाज याचाच. दुसरी, वाटी बाहेरून योकच्या कानात गंजून बसते. पोलादात पोलाद, घट्ट बसवलेलं, वर पाणी आणि माती. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते, त्यामुळे फटीत गंज तयार झाला की तो पाचरीसारखा दाबतो. आमच्या मामांच्या गाडीत तर रोज कॅन धुतलेलं पाणी खाली गळतं. आणि ग्रीस शेवटचं कधी मारलं होतं? मामा म्हणाले, "दिवाळीला." कोणत्या दिवाळीला, ते मी विचारलं नाही.

गाडीखाली जाण्याआधी

इथे मी जरा थांबणार आहे, कारण आमच्याकडे इथेच चूक झाली.

मामांनी गाडी अंगणात लावली, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला. आमचं अंगण थोडं उताराचं आहे. डोळ्यांना कळत नाही इतकं थोडं. मामेभाऊ खाली शिरला, मागच्या फ्लँजचे बोल्ट सोडले. शेवटचा बोल्ट निघाला, शाफ्ट खाली आला आणि गाडी सरकली. फार नाही, हातभर. मागचं चाक त्याच्या पायाच्या बोटांपासून एवढ्यावर (चार बोटांचं अंतर दाखवतोय, तुम्हाला दिसत नाहीये) येऊन थांबलं, कारण तिथे एक दगड होता. नशिबाने होता. आम्ही ठेवलेला नव्हता.

काय झालं? सोपं आहे, पण त्या वेळी तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. गिअरमध्ये ठेवलेली गाडी उभी राहते, कारण चाकं शाफ्टमधून इंजिनाला जोडलेली असतात. शाफ्टच काढला तर गिअर पहिला असो नाहीतर पाचवा, चाकं मोकळी. उरला हँडब्रेक आणि तो किती धरतो हे आपल्याला माहीत असतं. वर काही गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतोच, तो गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. जुन्या विलीज जीपमध्ये असाच होता. तिथे शाफ्ट सुटला की हँडब्रेकही गेला.

म्हणून सपाट जागा. चारही चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ठोकळे, चांगले मोठे. आणि जमेल तर जॅक लावूच नका. पिकअपची उंची पुरेशी असते, चारही चाकं जमिनीवर ठेवून माणूस खाली जातो. उचलायचीच असेल तर पक्के स्टँड लागतात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली झोपायचं नाही. विटांवर तर कधीच नाही, वीट सांगून फुटत नाही.

वरचे बोल्ट हाताला येत नाहीत, मग शाफ्ट फिरवायचा कसा? गिअर न्यूट्रल करून, ठोकळे काढून, गाडी वीतभर किंवा थोडी जास्त ढकलायची. तेवढ्यात शाफ्ट साधारण अर्धा वेढा फिरतो, कारण शाफ्टचे चारएक वेढे झाले की चाकाचा एक होतो. मग ठोकळे परत लावायचे, हँडब्रेक परत ओढायचा, मगच खाली. प्रत्येक वेळी. कंटाळा येतो, मान्य.

बोल्ट सोडण्याआधी अजून एक काम, अर्ध्या मिनिटाचं. फ्लँज आणि त्याला जोडलेला भाग, दोन्हींवर आडवी एक खूण करा. पांढरा रंग असेल तर उत्तम, नाहीतर छन्नीने बारीक टोचा. शाफ्टच्या मधे सरकणारा स्प्लाइनचा जोड असेल तर तिथे दोन्ही बाजूंना खूण पाहिजेच. आमच्या गाडीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे, मधे सेंटर बेअरिंग. मागचा तुकडा स्प्लाइनमधून ओढून निघतो. फोनवर फोटो काढा, पण फोटोवर विसंबू नका. ग्रीस पुसल्यावर फोटोतलं काहीच ओळखू येत नाही.

या खुणेचं एवढं काय, असं वाटेल. थोडं गणित सांगतो, घाबरू नका. हा जॉइंट वाकलेला असताना एक बाजू एकसारखी फिरली तरी दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही. एका वेढ्यात ती दोनदा जरा जोरात आणि दोनदा जरा हळू फिरते. १० अंशांच्या वाकात हा फरक साधारण दीड टक्का वर, दीड टक्का खाली. २० अंशांत सहा टक्क्यांच्या आसपास. गाडी थरथरायला हवी ना मग? नाही थरथरत, कारण दुसऱ्या टोकाला दुसरा जॉइंट असतो आणि तो बरोबर उलटं करतो. मात्र त्यासाठी त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. स्प्लाइनवर शाफ्ट चुकून पाव वेढा फिरवून बसवलात तर दोन्ही चुका एकमेकींना मारण्याऐवजी एकमेकींत मिळतात. मग काम नवं, क्रॉस नवा आणि गाडी ५० च्या पुढे गेली की सीट हलतेय. अशा गाडीचे टायर बॅलन्स करून करून माणसं थकतात.

ज्या गाडीत शाफ्टचं पुढचं टोक थेट गिअरबॉक्समध्ये घुसतं, तिथे ते बाहेर काढलं की गिअर ऑइल वाहतं. खाली घमेलं ठेवा, तोंडाला जाड पिशवी बांधा. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता.

आता खरं युद्ध

शाफ्ट बाहेर आला. क्रॉस हातानं हलवून पाहिला. एका दिशेला हलतो, दुसऱ्या दिशेला दगड. म्हणजे दोन बोटं आत जाम.

आधी सफाई. तारेच्या ब्रशने आणि जुन्या पेचकसाने सर्कलिपच्या खाचेतली माती, गंज सगळं खरवडून काढायचं. ती जागा चकचकीत दिसेपर्यंत सर्कलिपला हात लावायचा नाही. आम्ही घाई केली, प्लायरची टोकं निसटली आणि सर्कलिपचं एक कान मोडलं. मग ते बाहेर काढायला पाऊण तास.

इथे फिटर लोकांची एक छोटी युक्ती आहे, मला ती नंतर फोनवर कळली. वाटी बाहेरच्या बाजूला सर्कलिपवर दाब देऊन बसलेली असते. म्हणून आधी वाटीच्या डोक्यावर एक ठोका आत मारायचा. केसभर जरी सरकली तरी सर्कलिपवरचा दाब जातो आणि ती आपोआप सैल होते. आणि डोळ्यांवर चष्मा. सर्कलिप सुटली की उडते, कुठे जाईल ते तिचं तिलाच माहीत. आमची एक अजून सापडलेली नाही, बहुतेक गोठ्यात आहे.

चारही निघाल्या का ते मोजा. हसू नका. एक आत राहिली असताना लोकांनी तासभर घण घातलेत. आणि खाचच नसेल, सर्कलिप दिसतच नसेल, तर तिथेच थांबा. काही शाफ्टमध्ये कारखान्यातच कानाचं लोखंड वाटीवर ठोकून ती कायमची बंद केलेली असते. तो जॉइंट घरी बदलायचा नसतोच. बऱ्याचदा अख्खा शाफ्टच घ्यावा लागतो.

मग गंज सोडवणारा स्प्रे, वाटी आणि कान यांच्या फटीत, बाहेरून आणि आतूनही. आमच्याकडे स्प्रे नव्हता, रॉकेलमध्ये थोडं पातळ ऑइल मिसळून तेच सोडलं. थोडं कमी चालतं, पण चालतं. खरी गोष्ट वेळेची आहे. पाच मिनिटांनी हातोडा घेऊन बसलात तर काही उपयोग नाही. आम्ही शुक्रवारी रात्री सोडलं, मधे एकदा उठून परत सोडलं, सकाळी काम सुरू केलं.

आता पद्धत नीट ऐका. दोन गोट्या लागतात, म्हणजे पान्याच्या सॉकेट. एक वाटीपेक्षा थोडी लहान, जी कानाच्या भोकातून आत जाईल. दुसरी वाटीपेक्षा मोठी, जिच्या पोटात वाटी मावेल. मोठ्या व्हाइसमध्ये एका कानाला लहान गोटी, समोरच्या कानाला मोठी गोटी, मधे शाफ्टचा योक, आणि दांडी आवळत जायची. लहान गोटी एका वाटीला आत ढकलते, ती वाटी क्रॉसला ढकलते, क्रॉस समोरच्या वाटीला बाहेर मोठ्या गोटीत ढकलतो. समोरची पूर्ण बाहेर येत नाही, मधेच क्रॉस आतून अडतो. तेवढी बाहेर आलेली कड व्हाइसमध्ये पकडायची आणि योकला ठोकून सोडवायची, किंवा पाइप पान्याने पिळून काढायची. मग शाफ्ट उलटा करून मोकळ्या झालेल्या बोटावर दाब, म्हणजे पहिली वाटी बाहेर. तिरकं करून क्रॉस निघतो. फ्लँजच्या योकला परत हेच.

एक पथ्य मात्र पाळा. व्हाइसमध्ये शाफ्टची नळी कधीही आवळू नका. ती पोकळ आहे, पत्रा वाटतो त्यापेक्षा पातळ. एक पोचा आला की शाफ्टचा तोल गेला, आणि तो मिनिटाला हजारो वेढे फिरणार आहे. नळीच्या खाली लाकूड ठेवून नुसता आधार द्यायचा, जोर सगळा कानांवर.

आमच्याकडे व्हाइस होता, शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा. आवळला. अजून आवळला. दांडीवर पाइप घालून मामा आणि मी दोघं लोंबकळलो. वाटी हलेना.

(इथे ऑडिओत दोन मिनिटं नुसता ठोकण्याचा आणि मामांचा आवाज आहे. मामांचे काही शब्द मी कापलेत.)

तो आवाज मुद्दाम ठेवलाय. ठक, ठक, ठक, असा हलका हलका येतोय ना? ते चूक आहे. हलक्या पन्नास ठोक्यांनी वाटीचं डोकं फुलतं, मश्रूमसारखं, आणि ती अजून घट्ट होते. पाहिजे तो एकच, जड हातोड्याचा, नेमका. आणि सगळ्यात चांगलं म्हणजे दाब आणि धक्का एकत्र. व्हाइस पूर्ण आवळलेला ठेवायचा आणि मग योकच्या कानावर, वाटीच्या बाजूला, आडवा ठोका मारायचा. वाटीवर नाही, कानावर! त्या धक्क्याने गंजाची पकड तुटते, दाब तर आधीच आहे. आमची तिसऱ्या ठोक्याला सुटली. आवाज बंदुकीच्या गोळीसारखा. ऑडिओत तो ऐकू येतो, आणि नंतर मामांचं "आलं आलं आलं!"

व्हाइस नसेल तर तेच जमिनीवर, मजबूत लोखंडी ठोकळ्यावर करता येतं. खाली मोठी गोटी किंवा जाड पाइपचा तुकडा, त्यावर कान, वर सळईचा तुकडा, आणि घण. वर चांगल्या सेटमधली चकचकीत गोटी ठेवून घण घालू नका. ती कडक असते, तडकून तुकडा उडतो. चष्मा काढला असेल तर परत घाला.

जी वाटी सुटलीच नाही ती

तीन निघाल्या. चौथी, फ्लँजच्या बाजूची, ती नाही. दाब, धक्का, रात्रभर रॉकेल, सगळं करून झालं.

मग आग. वेल्डिंगवाल्याची गॅस बत्ती. तत्त्व असं की कान तापवायचा, वाटी नाही. कान प्रसरण पावला की भोक मोठं होतं. लाल करायचा नाही, नुसता चांगला तापवायचा. तापवण्याआधी रॉकेल, स्प्रे, सगळं कोरडं पुसून घ्यायचं आणि शक्य असेल तर ग्रीस निपल काढून ठेवायचं. बंद वाटीत ग्रीस आणि पाणी तापलं की त्याला जायला वाट नसते. वाटी गोळीसारखी सुटू शकते. म्हणून वाटीच्या रेषेत तोंड नको, पोट नको, पोरं तर अंगणातच नकोत. आणि तापल्यावर पाणी ओतू नका. शाळेत शिकलेलं प्रसरण-आकुंचन इथे दाखवायला जाऊ नका, तापलेल्या लोखंडाला एकदम थंड केलं तर चीर जाऊ शकते. योक ॲल्युमिनियमचा असेल तर आगीचा विषयच काढायचा नाही.

आमची आगीनेही सुटली नाही. अर्धा मिलिमीटर सरकली आणि थांबली.

शनिवारी रात्र झाली होती. मामेभाऊ म्हणाला, "दादा, अजून एक घण घालतो." मी म्हटलं घाल. मामांनी हातोडा काढून घेतला. म्हणाले, "लेका, योक वाकला तर बाजारात सुट्टा मिळंल का? उद्या बघू." मला तेव्हा राग आला होता, पण ते बरोबर होते. क्रॉस काहीशे रुपयांचा. योकचा कान फाकला किंवा भोक लांबट झालं तर खर्च कितीतरी पटीने, आणि तो शोधायला लागणारा दिवस वेगळा.

सकाळी आम्ही ग्राइंडर घेतला. जे आदल्या दिवशीच करायला हवं होतं ते केलं. क्रॉस तर फेकायचाच आहे, मग त्याला जपायचं कशाला? पातळ कटिंग चकतीने क्रॉसची बोटं मधल्या मोकळ्या जागेत कापली. आधार तुटला, क्रॉसचा तुकडा खाली पडला, उरली नुसती वाटी, आतून मोकळी. आता सळई आतून घालून बाहेर ठोकता येते, आतल्या वाकड्या बोटाचा अडथळा नाही. चार ठोक्यांत बाहेर. चकती योकच्या आतल्या भिंतीला लागू द्यायची नाही एवढंच सांभाळायचं. एक छोटा ओरखडाही पुढे चिरेची सुरुवात होऊ शकतो. ग्राइंडरचं गार्ड काढून काम करणारे भरपूर आहेत, आमच्या वेल्डिंगवाल्याचंही काढलेलं होतं. आम्ही शोधून परत लावलं.

आता कुणी विचारेल, मधे लेथवाल्याकडे का नाही गेलात? रविवारी बंद होता, म्हणून. इतर दिवशी मी तेच करेन. शाफ्ट घरी काढायचा, खुणा करायच्या आणि लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेस असतो, तिथे नेऊन क्रॉस दाबून घ्यायचा. दहा मिनिटांचं काम. त्यात काही कमीपणा नाही.

नवा बसवताना

निघालेला क्रॉस नीट बघा. आमच्या क्रॉसच्या दोन बोटांवर सुयांच्या रेघा उमटल्या होत्या, नखाला लागतील इतक्या खोल. टक् आवाज त्याचा. एका वाटीत सुया नव्हत्याच, लाल पीठ होतं.

कानांची भोकं बारीक पॉलिश पेपरने साफ करायची, गोल फिरवत. कानस नको, भोक मोठं होईल. सर्कलिपची खाच टोकदार वस्तूने पूर्ण रिकामी करायची. नवी वाटी हाताने सहज आत गेली आणि डुगडुगली तर योक संपला, त्यावर नवा क्रॉस टिकणार नाही.

नवा क्रॉस घेताना जुनी वाटी दुकानात घेऊन जा. वाटीचा व्यास आणि दोन वाट्यांमधली लांबी, दोन्ही जुळायला हव्यात. मामेभावाने रविवारी संगमनेरला जाऊन आणला, पहिल्यांदा चुकीचा, दुसऱ्यांदा बरोबर. त्याला वाटी नेऊ दिली नव्हती, ती चूक माझी.

बसवताना एकच मोठी भानगड होते. वाटी दाबताना आतली एक सुई आडवी पडते आणि तळाशी झोपते. मग वाटी पूर्ण आत जात नाही, सर्कलिप खाचेत बसत नाही, आणि माणूस जोर लावत बसतो. जोर लावायचा नाही. काढा, सुई उभी करा, घट्ट ग्रीसने सगळ्या सुया भिंतीला चिकटवून ठेवा, क्रॉसचं बोट वाटीत शिरलेलं ठेवूनच वाटी दाबा. ग्रीस निपल अशा दिशेला ठेवा की शाफ्ट गाडीला लागल्यावर ग्रीस गन पोचेल. आमचं एकदा उलटं झालं होतं, परत काढलं.

चारही सर्कलिप खाचेत टक्कन बसल्या की क्रॉस हाताने हलवा. चारही दिशांना एकसारखा, जरा घट्ट पण सरळ फिरला पाहिजे. कुठे अडत असेल तर कानांवर बाहेरून हलके ठोके द्या, वाट्या सर्कलिपला जाऊन टेकतात आणि जॉइंट मोकळा होतो. तरी अडत असेल तर सुई पडलीय. "चालवली की होईल मोकळा" असं म्हणून तो गाडीला लावू नका. चालताना जॉइंट तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक सुटून रस्त्यावर टेकलं, तर धावती गाडी त्या टोकावर उचलली जाऊ शकते.

मग शाफ्ट परत, खुणेला खूण. फ्लँजला शक्यतो नवे बोल्ट आणि लॉक नट, आडवेतिडवे थोडे थोडे आवळत. शेवटचा जोर गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा. मग ग्रीस, चारही वाट्यांच्या सीलमधून नवं ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत. तीनमधून आलं आणि चौथीतून नाही, तर शाफ्ट जरा वाकवून परत मारा.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय, "दादा, ग्रीस किती दिवसांनी?" गाडीच्या पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात, ते पाळा. पण गाडी पाण्यातून जात असेल, नदीच्या पुलावरून, शेतातून, किंवा आमच्यासारखी रोज धुतली जात असेल, तर त्याच्या आधीच. पाण्यातून काढल्यावर लगेच मारलं तर आत शिरलेलं पाणी जुन्या ग्रीसबरोबर बाहेर पडतं. आणि काही नव्या क्रॉसला निपलच नसतं, त्यांना ग्रीस मारता येत नाही. दुकानात विचारून निपलवाला घ्या.

रविवारी रात्री साडेनऊला आम्ही गाडी रस्त्यावर काढली. मामा गाडी चालवत होते, मी मागे हौद्यात बसून ऐकत होतो. पक्षी उडून गेला होता. सोमवारी पहाटे साडेचारला गाडी निघाली, मी झोपलो होतो. मामेभावाने मेसेज पाठवला, फक्त एक फोटो: भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याच्या एक तारखेला पेनाने गोल केलेला आणि शेजारी मामांच्या अक्षरात, "ग्रीस".

चला, आजचा एपिसोड इथेच. तुमच्या गाडीखाली कोणता पक्षी बसलाय, त्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या वेळी आपण ऐकून ओळखू.